भोळ्या अळ्यांना हार

नवीन पनवेलला आमच्या सोसायटीखाली संध्याकाळी भाजीची गाडी लागते. तिथं उभं राहून बायका वांगी कशी निवडतात ते एकदा बघावं. एकेक वांगं उचलायचं, देठापासून बुडापर्यंत फिरवायचं, उजेडाला धरायचं, आणि टाचणीएवढं भोक दिसलं की नाक मुरडून परत ढिगात टाकायचं. जावई निवडताना एवढं बघितलं असतं तर निम्म्या घरातली भांडणं मिटली असती. मी मुद्दाम भोकाची वांगी घ्यायची. किडका भाग कापून टाकायचा आणि उरलेल्याची भाजी करायची. शेजारणीनं एकदा विचारलंच, अहो, तुम्ही किडकी का घेता? मी तिला ऐकवलं की ज्यात किडा जगला ते वांगं मला चालतं, ज्यात किडासुद्धा टिकला नाही ते तुम्ही खा. तेव्हापासून ती लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाही. मलाही तिच्याशी बोलायची काही हौस नव्हती.

एवढा तोरा मिरवायचा मला हक्क होता, असं मला वाटायचं. कारण अकरा वर्षं मी किडे पाळण्याचा पगार घेत होते. हायवेला लागून एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब. खालून न्हावा शेव्याचे कंटेनर गेले की खिडक्यांच्या काचा खडखडायच्या आणि काचेच्या बश्यांमधल्या अळ्या थोडा वेळ खायच्या थांबायच्या. कुठलं औषध कुठल्या किडीवर चालतं आणि कुठल्या किडीवर चालेनासं झालंय, हे तपासून द्यायचं आमचं काम. माझ्याकडे वांग्याची अळी होती. शेंडे आणि फळं पोखरते ती. तिची आई म्हणजे पांढरट पंखांचा, अंगठ्याच्या नखाएवढा पतंग, आणि लेक गुलाबी, गुबगुबीत, वांग्याच्या पोटात शिरून आतून गर खाणारी.

मागच्या खोलीत माझे जाळीचे पिंजरे होते. त्यातल्या अळ्यांना आम्ही ‘भोळ्या’ म्हणायचो. पिढ्यान्‌पिढ्या त्या लॅबमध्येच जन्मल्या, औषध नावाची चीज त्यांच्या पणजीच्या पणजीनंही पाहिलेली नव्हती. जगातलं सगळ्यात मिळमिळीत औषध दाखवलं तरी पाय वर करायच्या. त्यांचा उपयोग तोच. शेतातून आणलेली अळी औषधानं मरत नसेल तर ती खरंच दांडगी झालीय की औषधच भेसळीचं आहे, हे कळायला शेजारी एक भोळी लागते. भोळी मेली आणि शेतातली जगली, तर औषध खरं आणि अळी बेरकी. भोळी नसेल तर सगळा हिशोब हवेत.

म्हणून त्या खोलीचे नियम मी सोवळ्यासारखे पाळायची. आत अगरबत्ती नाही, डासांची कॉइल नाही, सेंट मारून यायचं नाही, केसांना वासाचं तेल नाही. बाजारची वांगीसुद्धा थेट आत न्यायची नाहीत. त्यांच्या खाण्यासाठी मी लॅबच्या गच्चीवर कुंड्यांत विनाफवारणीची वांगी लावली होती. नवीन लागलेल्या पोरी माझ्यामागे मला सासूबाई म्हणायच्या, हे मला माहीत होतं. एकदा खुद्द आमचे सर पाहुण्यांना घेऊन आले, अंगावर अर्धी बाटली सेंट ओतलेला. मी दारातच आडवी उभी राहिले आणि त्यांना बाहेरूनच काचेतून पाहुण्यांना दाखवायला लावलं. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सरांना अळी आणि शेवई यातला फरक कळत असेल की नाही याची मला तेव्हाही शंका होती, आजही आहे.

माझा धाकटा भाऊ करंजाड्याच्या पलीकडे गावातच राहतो. आमची भाताची खाचरं कधीच सरकारी भूसंपादनात गेली, तिथं आता टॉवर उभे आहेत. वर माळावरचा एक तुकडा उरला, त्यात तो पावसाळ्यात वांगी लावतो आणि वांग्याच्या दोन ओळींमध्ये दसऱ्यासाठी झेंडू. माझ्या नोकरीची त्याला भारी गंमत वाटायची. घरी पाहुणे आले की सांगायचा, आमची ताय किडे जगवते आणि मी मारतो, सरकारनं दोघांना एकाच घरात जन्माला घातलंय.

मारतो म्हणजे काय, तर त्याला औषधं सांगणारा एक माणूस पनवेलच्या बाजारात दुकान उघडून बसलाय. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. कसला डॉक्टर आणि काय! डोंबलाचा डॉक्टर. शेतकऱ्यानं किडका शेंडा काउंटरवर ठेवायचा अवकाश, हा न बघताच मागच्या फळीवरून तीन बाटल्या काढणार, ही मारा आणि सोबत ही मारा, आणि ही जरा वासासाठी. शेंडा तो शेवटपर्यंत उचलूनसुद्धा बघत नाही. आमचे बंधुराज मात्र त्याच्या शब्दावर पंप पाठीला लावून तयार. पहिल्या वर्षी एका औषधानं काम व्हायचं. मग दोन. ही गोष्ट घडली त्या वर्षी तो पाच औषधं एका बादलीत काठीनं ढवळत होता, तेही मोजमाप न करता, झाकणं अंदाजानं ओतून. तोंडाला काही बांधायचं म्हटलं की गुदमरतं म्हणायचा.

गणपतीच्या दिवसांत एका दुपारी भावजयीचा फोन आला. तो शेतातून आला आणि ओटीवर बसताबसताच आडवा झाला. तोंडातून लाळ, अंग घामानं चिंब, डोळ्यांची बाहुली बारीक टिंबाएवढी. मी पोचले तोवर त्याला दवाखान्यात सलाईन लावलेली. तिथल्या डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं अंगावर घेतलं तर दर वेळी हाताला लागेलच असं नाही. तो तिसऱ्या दिवशी घरी आला. चौथ्या दिवशी मला विचारतो, ताय, डॉक्टरकडं एक नवीन जालीम औषध आलंय म्हणतात, दिवाळीच्या बाजारासाठी एकदा मारून घेतो. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. भाऊ म्हणून नव्हे, असा मूर्ख माणूस म्हणून मी त्याला दोन तास झाडला. आई मधे पडली नसती तर आणखी दोन तास झाडला असता.

तो म्हणत होता, किडा सरावलाय. बेवड्याला जशी दारू चढत नाही तशी किड्याला औषध चढत नाही, म्हणून जास्त द्यायचं. मी त्याला समोर बसवून सांगितलं की सरावत कोणी नाही. अळीच्या नसांवर बारीक दारं असतात, ती उघडतात-मिटतात म्हणून अळी हलते. औषध जाऊन त्या दारात पाचर मारतं, दार मिटेनासं होतं आणि अळी तडफडून मरते. पण हजारात एखादी अळी जन्मतःच अशी निघते की तिच्या दाराच्या चौकटीचा एक कण वेगळा असतो. तिच्या पेशींत जो मजकूर लिहिलेला असतो त्यातलं एखादंच अक्षर चुकलेलं. तिथं पाचर बसतच नाही. तू औषध मारलंस, हजार मेल्या, ती एक उरली. अख्खं शेत तिला आंदण. पुढच्या पिढीला सगळी तिचीच पोरं. त्यातून पुन्हा दांडगी कोण ते तू पुढच्या फवाऱ्यानं निवडलंस. तूही किडे पाळतोसच, मी त्याला म्हटलं, फक्त मी भोळ्या पाळते आणि तू निवडून निवडून बेरक्या पाळतोस, आणि खरं सांगायचं तर तुझी पैदास माझ्यापेक्षा चांगली आहे.

बोलणं त्याला लागलं असावं. पण ऐकणारा नव्हे. मग मी त्याच्याच वांग्यांतल्या अळ्या डब्यात भरून लॅबमध्ये आणल्या, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवल्या, त्यांची एक पिढी वाढवली आणि काही अळ्यांचं जनुक वाचायला बाहेर पाठवून दिलं. रिपोर्ट आला. जे सांगत होते तेच, चौकटीतलं ते अक्षर बदललेलं. मी मोठ्या ऐटीत तो कागद घेऊन गावी गेले. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

“एक अक्षर बदललं म्हणून मी वांगी सोडू?” तो म्हणाला. “कागद नको. डोल्यांनी दाखव.”

मी वाद घातला नाही, कारण दाखवणं हाच माझा धंदा. ठरलं असं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी मी त्याला लॅबमध्ये बोलावणार. त्याच्या समोर त्याच्याच औषधांत वांग्याचे काप बुडवणार, अर्धे भोळ्यांना खायला देणार, अर्धे त्याच्या अळ्यांना. दुसऱ्या दिवशी कोण मेलं आणि कोण जगलं ते त्यानं स्वतः मोजायचं. त्याच्या अळ्या जगल्या तर तो पंप टांगून ठेवणार. तोवर फवारणी करायची नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. आईच्या गळ्याला हात लावून तो म्हणाला, वांग्यावर एक थेंब मारणार नाय. मला वाटलं, जिंकले.

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा असते. शिकलेली माणसं, पण त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, जनुकाच्या नकला काढणाऱ्या यंत्रापुढे नारळ, फ्रीजला झेंडूची माळ. सरांचा उत्साह तर विचारू नका, फोटो काढायला ते नवा झब्बा घालून येतात. दरवर्षी फुलांची जबाबदारी कुणावर तरी ढकलली जाते. त्या वर्षी मी आपण होऊन म्हटलं, फुलं माझ्या माहेरची आणते, बाजारात शिळी मिळतात. अष्टमीला संध्याकाळी भाऊ मोटारसायकलवर दोन गोणी भरून ओवलेले हारच घेऊन आला. काय फुलं होती! टपोरी, गच्च, केशरी. तो फुशारून म्हणाला, ताय, बघून घे, एक डाग नाय. मी एक हार उचलला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, उजेडाला धरला, आणि खरंच डाग नव्हता. मला त्याचं कौतुक वाटलं. त्यातलंच एक तोरण मी माझ्या दाराला लावायला घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या यंत्रांना हार घालून झाले तरी हार उरले. दरवर्षी मागच्या खोलीला काही नसायचं. त्या दिवशी माझ्या मनात आलं, ह्या डबड्यांना पूजा आणि ज्यांच्या जिवावर लॅब चालते त्या माझ्या भोळ्यांना काही नको? ह्या सगळ्या ढुढ्ढाचार्यांत अळीची किंमत कळणारी मी एकटीच, असंही मनात होतं, खोटं का बोला. मी सगळ्या पिंजऱ्यांवर एकेक हार आडवा घातला, भोळ्यांच्या आणि भावाच्या अळ्यांच्याही. दोन दिवस ताजे राहावेत म्हणून वरून ओंजळीनं पाणी शिंपडलं. मग खोलीचं दार घट्ट लावून घरी गेले. दसऱ्याची लॅबला सुट्टी होती.

एकादशीला सकाळी मी दार उघडलं. हार तसेच टवटवीत होते. खाली भोळ्यांच्या पिंजऱ्यात पतंग उताणे पडले होते, तळाला पांढरा थर. अळ्यांच्या बश्यांवर जाळीतून पाणी ठिबकलेलं, आणि अळ्या कापांच्या बाहेर येऊन काळ्या, वाकड्या होऊन मेलेल्या. एका पिंजऱ्यात नाही, सगळ्या. अंड्यांतून नुकत्या निघालेल्या तर डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हत्या, नुसती धूळ. मी बारीक चिमट्यानं एकेक हलवून पाहत होते. एक तरी वळवळेल म्हणून. अकरा वर्षं सेंटवाल्यांना दारात अडवणारी बाई त्या खोलीत स्वतःच्या हातानं विष टांगून गेली होती, पाणी घालून.

शेजारच्या पिंजऱ्यावर तसाच हार होता आणि तसंच पाणी ठिबकलं होतं. तिथं दोन-चार मेल्या होत्या. बाकीच्या वांग्याच्या कापात तोंड खुपसून खात बसल्या होत्या.

मी भावाला फोन लावून विचारलं, झेंडूवर काय मारलं होतंस? तो म्हणाला, मोडलं नाय मी काय कबूल केलेलं. वांग्यावर एक थेंब नाय मारला. सप्तमीला झेंडूला मारलं, डॉक्टरचं नवं आणि जुनी चार, फूल स्वच्छ यावं म्हणून. तो निघालाच होता, ठरल्याप्रमाणे आधी लॅबला येतो आणि मग पनवेलच्या दुकानात जातो म्हणाला. मी नको म्हणायला हवं होतं. दाखवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. एकही भोळी नाही म्हणजे प्रयोगच नाही, आणि प्रयोग नाही म्हणजे तो इथून उठून थेट काउंटरवर जाणार होता. मला इतका राग आला होता की कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं, आणि ज्या बाईवर काढायला हवा होता ती मीच होते.

तो आला. चपला दाराबाहेर काढल्या, देवळात शिरावं तसा आत आला. मी सरळ सांगून टाकलं की प्रयोग होणार नाही, माझ्या चुकीनं माझ्या सगळ्या मेल्या. तो पिंजऱ्यांपुढे उकिडवा बसला. बराच वेळ इकडं बघ, तिकडं बघ चाललं होतं.

“ह्या कशानं मेल्या?”

“तुझ्या फुलांनी.”

“आनि ह्या खातात त्या?”

“त्या तुझ्या शेतातल्या.”

त्यानं जाळीचं झाकण उघडायला लावलं. आपल्या एका अळीला बोट लावलं. ती झटकन मागं सरली आणि परत कापात शिरली. भोक पाडून गेलेली ती वाट त्यानं बघितली. म्हणाला, ताय, तू भोकाची वांगी घेतेस ना, चांगली म्हणून? आमच्या वांग्यात भोक पण असतं आणि औषध पण. मला शेजारीण आठवली. अकरा वर्षांची माझी नोकरी, आणि एवढी साधी गोष्ट मला त्यानं सांगावी लागली. बेरकी अळी औषधातही भोक पाडते, मग भोकाचा कसला आलाय भरवसा?

तो उठून बाकावर बसला. हारांकडे बघत होता.  मग हळूच म्हणाला,

“आयनं ओवलेत हे हार. दिवसभर बसून. दोरा दातात धरून.”

  माझ्या डोळ्यांपुढे आई ओटीवर पाय पसरून बसलेली, मांडीवर फुलांचा ढीग, सुई अडली की दोरा तोंडात घालून ओला करणारी, हार पुरा झाला की गाठीजवळ दातानं तोडणारी. लहानपणापासून मी तिला तसंच ओवताना पाहिलंय.

तो त्या दिवशी दुकानात गेला नाही. त्यानंतरही पंप पाठीला लावलेला मी पाहिला नाही. किडकी वांगी तोडून तो खड्ड्यात पुरत राहिला आणि दिवाळीच्या बाजाराला त्याची निम्मीही वांगी गेली नाहीत. डॉक्टरला त्यानं गावभर शिव्या घातल्या, मी त्यात माझी भर घातली. नव्या भोळ्या मागायला मी दुसऱ्या लॅबच्या दारात हात पसरून उभी राहिले, आणि तिथल्या बाईनं मला सेंट लावलाय का असं विचारून दारातच थांबवलं. पण हे सगळं पुढचं.

त्या सकाळी त्यानं बाकावर बसूनच घरी फोन लावला. आधी भावजयीला सांगितलं, दारावरचं तोरण काढ, मोटारसायकलचा हार काढ, हातात फडकं घेऊन काढ. मग म्हणाला, आयला फोन दे. मला ऐकू यावं म्हणून नव्हे, सवयीनंच त्यानं फोनचा आवाज मोठा ठेवला होता. त्यानं तिला साबणानं हात धुवायला आणि चूळ भरायला सांगितलं. आईला हसू आलं. हार ओवून आता तीन दिवस झाले, मधे पाच-सहा वेळा जेवले, एकादशीची साबुदाण्याची खिचडी आत्ता खाऊन बसलेय, आता कसली चूळ भरायची, असं ती विचारत होती.

“तरी भर,” तो म्हणाला.